ओल अडतीस टक्के

३० एप्रिल, रविवार. संध्याकाळी ५

माझी बायको मामोयो जाऊन आज सात आठवडे झाले.

वही नवीन आहे. माती संशोधन स्टेशनवरून निवृत्त होताना अशा चार मिळाल्या होत्या. तीन तिने चूल पेटवायला वापरल्या. ही लोखंडी पेटीत होती म्हणून वाचली.

या वहीत फक्त मापं लिहायची. इतर काही नाही.

कामाचं स्वरूप असं. प्लॉट नंबर सतरा तिच्या नावावर आहे. पाटाच्या योजनेचा नियम आहे की ज्याच्या नावावर प्लॉट, त्याच्या घराने हंगामाला पीक उभं करून दाखवायचं. नाही जमलं तर कमिटी प्लॉट काढून घेते आणि यादीतल्या पुढच्या माणसाला देते. कमिटीच्या अध्यक्ष माई चिपुंझा भेटायला आल्या होत्या. चहा संपेपर्यंत मामोयोबद्दल बोलल्या. चहा संपल्यावर म्हणाल्या, घाई नाही, ऑगस्टच्या सुरुवातीला येऊन बघू. मी विचारलं, पीक चांगलं आलं तर रजिस्टरात नाव तिचंच ठेवता येईल का. त्या कपाकडे बघत म्हणाल्या, आधी पीक तर येऊ दे, सोको.

स्टेशनवर मी मिस्टर जाइरोस होतो. गावात सगळे कुळाच्या नावाने सोको म्हणतात. तिला मोयो कुळाची म्हणून मामोयो. एकतीस वर्षं मीही तेच म्हणत आलो.

घेवडा पेरून दहा दिवस झाले. मेव्हिसने, म्हणजे मामोयोच्या धाकट्या बहिणीने, चार बायका जमवून दोन दिवसांत पेरून टाकला. मला विचारलं नाही. शेजारचा अठरा नंबर एका म्हाताऱ्या बाईंचा आहे, तो मेव्हिस अर्धेलीने करते. म्हणाली, नवरोबा, दोन्ही प्लॉटना मीच पाणी दाखवते, तुम्ही सावलीत बसा. (आमच्यात मेहुणीने नवरोबा म्हणायचंच असतं. त्यात काही नाही.)

मी नको म्हणालो. तिच्या बहिणीचा प्लॉट, पण माझ्या बायकोचा.

पेरणी झाली. पाऊस आता थेट नोव्हेंबरात, तोवर प्रश्न एकच, पाटाचं पाणी कधी आणि किती. तो माझ्या हातचा आहे.

१ मे, सोमवार

मातीतली ओल मोजायचा प्रोब सापडला. मामोयोच्या पातेल्यांमागे होता. आत कोळ्याचं घर. बाकी ठीक.

स्टेशनवरचा प्रकल्प संपला तेव्हा साहेब म्हणाले, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. तेव्हापासून चार वर्षं घरात आहे. ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला विचारायची, तुम्हाला हवंय का हे.

मी स्वतः स्टेशनवर प्रोबच्या खात्यात नव्हतो. मी ओव्हनच्या खात्यात. मातीची डबी ओली तोलायची, एकशे पाच अंशांवर दिवसभर भाजायची, सुकी तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. एकतीस वर्षं. प्रोबवाले जीपमधून शेतात जायचे, आम्ही ओव्हनजवळ घाम पुसायचो. मला वाटतं माझी खरी आवड प्रोबचीच होती.

एकतीस वर्षांत एकाही झाडाला पाणी घातलेलं नाही. पण ते वेगळं खातं.

३ मे, बुधवार

नळी बसवली. रीत सोपी आहे. प्लास्टिकची नळी जमिनीत उभी पुरायची. तीत प्रोब सोडायचा. प्रोब भोवतालच्या मातीत विजेची लहर पाठवतो, आणि मातीत पाणी जितकं जास्त तितकी लहर रेंगाळते. प्रोबच्या तारेला जोडलेल्या डब्यावर टक्के दिसतात. बाईमाणसांनी चिमटीत माती घेऊन बघण्याची गरज नाही.

भोक थोडं मोठं पडलं. नळी हलत होती. नळी आणि माती यांच्यात हवा राहिली तर लहर फसते, एवढं मलाही माहीत आहे. फट कशाने भरायची हा प्रश्न. परसात टबामध्ये मामोयोने मळून ठेवलेली वारुळाची माती होती, पडवी लिंपायला आणलेली. वाळून दगड झाली होती. भिजवली, तिच्यासारखीच पायाने तुडवली, आणि नळीभोवती चांगली हातभर खोल, मनगटाएवढी जाड थापली. तिचं लिंपण कधी तडकत नसे.

नळी पक्की. पहिलं माप उद्या.

निश्चय : रोज सकाळी सहाला माप. एकही दिवस चुकवायचा नाही. तीन महिन्यांत इथल्या लोकांना शास्त्र म्हणजे काय ते दिसेल.

४ मे, गुरुवार. सकाळी ७.४०

उशीर झाला. झोप लागत नाही, मग लागते.

ओल ३८ टक्के.

उत्तम. बावीसच्या खाली आलं की पाणी द्यायचं. म्हणजे अजून भरपूर अवकाश आहे.

६ मे, शनिवार

प्रकरण झालं.

गुरुवार हा इथे मातीचा विश्रांतीचा वार. त्याला चिसी म्हणतात. त्या दिवशी कुदळ नाही, नांगर नाही, पेरणी नाही. मला माहीत नाही असं नाही, मी इथेच जन्मलो. पण मी कुदळ कुठे मारली? कोणीतरी मुखिया ग्वेन्झींना जाऊन सांगितलं की सोको गुरुवारी मातीत काठी घालून बसला होता.

आज झाडाखाली बैठक. मुखियांनी विचारलं, ती विजेची लहर मातीत शिरते की नाही. म्हटलं, शिरते. कशाला शिरते? म्हटलं, पाणी किती आहे विचारायला. मुखिया म्हणाले, म्हणजे माती झोपली असताना तू तिला उठवून प्रश्न विचारलास. म्हटलं, लहर फार हलकी असते. मागून कोणीतरी म्हणालं, डासही हलकाच असतो, पण झोपू देतो का.

एक कोंबडी दंड. मामोयोची ठिपक्यांची दिली. तिला ती फारशी आवडत नसे.

यापुढे गुरुवारचं माप बुधवारी दोनदा घेणार.

१० मे, बुधवार

ओल ३८. दुसरं माप, गुरुवारसाठी, ३८.

स्थिरता लक्षणीय आहे.

लिंपण तडकू नये म्हणून रोज माप झाल्यावर नळीच्या बुंध्याशी मगभर पाणी ओततो. पडवीला ती असंच करायची, पहिले काही आठवडे. एवढी काळजी स्टेशनवर कोणी घेत नव्हतं.

१३ मे, शनिवार

आज सतरा नंबरची पाणीपाळी होती. पाटकरी सांगायला आला. मी त्याला डबा दाखवला आणि पाळी सोडून दिली. जमिनीत अडतीस टक्के ओल असताना पाणी देणं म्हणजे भरल्या पोटी जेवायला वाढणं.

पाळी अकरा नंबरने घेतली. त्यांची बाई संध्याकाळी भोपळा घेऊन आली. म्हणाली, सोको, तुमचं मशीन फार चांगलं आहे.

हळूहळू समजतंय लोकांना.

२० मे, शनिवार

पाळी सोडली. पाणी सहा नंबरने घेतलं. रताळी आली.

मेव्हिस बांधावरून ओरडली, नवरोबा, घेवड्याला फूट येतेय, आत्ता पाणी हवं. मी डबा वर धरला. तिने खाली वाकून मुठीत माती घेतली, लाडू वळायला गेली, सगळी बोटांतून गळून गेली. म्हणाली, तुमच्या डब्याला विचारा हे काय आहे. मी म्हटलं, वरची दोन बोटं माती कोरडी दिसणारच, ओल आत असते. ती म्हणाली, ताई असती तर. आणि हात झटकले.

मी तिला स्पष्ट सांगितलं की सतरा नंबरच्या बांधाच्या अलीकडे पाय ठेवायचा नाही. प्रयोग बिघडतो.

कदाचित आवाज चढला असेल.

२१ मे, रविवार

चर्चला गेलो नाही. बॅटरी चार्ज करायची होती.

नेत्साईचा जोहान्सबर्गहून आवाजी निरोप. बाबा, कसे आहात, जेवता का, इकडे या ना थोडे दिवस. मी टाइप करून पाठवलं : ओल ३८. पाच मिनिटांनी दुसरा निरोप. बाबा, मी शेताचं नाही विचारलं.

मुलगी हुशार आहे पण शास्त्राकडे वळली नाही.

२७ मे, शनिवार

पाळी सोडली. दोन नंबर. अंडी, सहा.

योजनेत माझा मान वाढला आहे. रस्त्यात लोक थांबून मशीनची चौकशी करतात. पाटकरी टोपी काढतो. पुढच्या शनिवारी कोणाला पाणी द्यायचं याची चिठ्ठी टाकतात असं ऐकलं. माई चिपुंझाही म्हणाल्या की पाणी वाचवणारा पहिलाच प्लॉटधारक बघितला. त्यांच्या स्वतःच्या नऊ नंबरला मागच्या बुधवारी जादा पाणी मिळालं, ते कुठून आलं ते मी विचारलं नाही.

मामोयो सोळा वर्षं या लोकांशी पाण्यावरून भांडली. मी एका महिन्यात भांडण संपवलं. तिला सांगायला हवं होतं.

२ जून, शुक्रवार

खालची पानं पिवळी.

विचार केला. ओल ३८ म्हणजे जमीन तुंबल्यासारखीच. तुंबलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात. पुस्तकात स्पष्ट आहे. म्हणजे पाणी जास्त झालंय.

एकदाही न देता जास्त कसं झालं हा पुढचा प्रश्न. बहुधा पाट झिरपत असावा.

५ जून, सोमवार

पाणी निचरा व्हावा म्हणून चर खणायला घेतला. जमीन लोखंडासारखी लागली. कुदळीचा दांडा मोडला. अति ओलीने माती दबून घट्ट होते, त्यातलाच हा प्रकार असावा.

झाकेयो येऊन बांधावर बसला. तो आमच्या घराचा साविरा. बापाच्या वेळेपासूनचं नातं आहे. साविऱ्याने काहीही बोलावं, कशाचीही थट्टा करावी, आपण रागवायचं नाही. मयताच्या घरी तर तो त्याचा हक्कच. मामोयोला पुरलं त्या दिवशी तो तिचा ॲप्रन बांधून अंगणभर फिरला आणि तिच्या आवाजात माझ्यावर ओरडला, अहो, चष्मा डोक्यावर आहे. सगळे हसले. मीही हसलो, असं मला सांगण्यात आलं.

आज त्याने विचारलं, हे काय खणतोस. म्हटलं, निचऱ्याचा चर. जास्तीचं पाणी वाहून जायला. त्याने चरात डोकावून बघितलं. मग त्याने पायातले बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चराच्या तळाशी पोहण्याचे हात मारत चालत गेला. धुरळा उडाला. शेजारच्या चार प्लॉटांतल्या बायका काम टाकून बसल्या.

मी रागावलो नाही. नियम आहे.

१२ जून, सोमवार

अंग दुखतं. तीन महिने झाले. माप घ्यायला साडेआठ वाजले.

ओल ३९. वाढली!

चराचा उलटा परिणाम? मगभर पाण्याच्या जागी हल्ली दोन मग ओततो, उन्हाने लिंपण फुटायला लागलंय. पण दोन मगांनी एवढं मोठं शेत ओलं होत नाही.

२० जून, मंगळवार

एक गोष्ट लक्षात आली. अठरा नंबरच्या बांधाला लागून घेवड्याच्या तीन ओळी हिरव्यागार आहेत. गुडघ्याएवढ्या. शेंगा धरल्यात. बाकीच्या ओळी वीतभर, पानं कागदासारखी.

कारणं सुचली ती अशी. त्या तीन ओळी नळीपासून सर्वांत लांब आहेत, म्हणजे तिकडे ओल योग्य प्रमाणात असावी. किंवा माझ्या चराचा फायदा आधी त्यांनाच झाला. दुसरं कारण जास्त पटतं.

मेव्हिसला दाखवलं. ती म्हणाली, हो का. बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि म्हणाली, नवरोबा, चर अजून थोडा खोल करा मग. तिची बहीण असं बोलत नसे. ती सरळ ओरडायची.

मी दुपारी घरी झोपतो तेव्हा शेतावर कोण असतं कोण नाही, मला माहीत नाही. विचारायचं कारण नाही.

१ जुलै, शनिवार

पाळी सोडली. आता कोणी काही आणत नाही. पाळी माझी होती हेच विसरल्यासारखे दिसतात.

निश्चय : (१) सहाला उठणे. (२) दिवसातून एकदा शिजवून खाणे. (३) मापांचा आलेख काढणे. कमिटीला आलेख दाखवला की पिकाकडे कोणी फारसं बघणार नाही.

९ जुलै, रविवार

आलेख काढला. सहासष्ट दिवस. रेघ अगदी आडवी, फळीसारखी. वर भांडी ठेवावीत अशी. एवढा शिस्तीचा आलेख स्टेशनवर कोणाचा नव्हता.

घेवडा शास्त्राच्या दृष्टीने ओलीत उभा आहे आणि वाळतो आहे. असं पीक मी पाहिलेलं नाही. मी पीकच फारसं पाहिलेलं नाही.

रात्री मक्याच्या पिठाचा साद्झा शिजवायला घेतला, तळाशी लागला. वाळकी मासळी नुसतीच खाल्ली. (२) आजपुरतं.

१६ जुलै, रविवार

झाकेयो सकाळी आला. म्हणाला, चल, तुझ्या नवसाच्या नळीला नमस्कार करून येऊ. मी डबा घेतला, पाण्याचा मग घेतला, निघालो.

माप घेतलं. ३९. मगाने पाणी ओतलं. तो बघत होता. आज थट्टा करत नव्हता, मला तेच बरं वाटलं.

मग म्हणाला, सोको, शेतभर थेंब नाही आणि या एका जागी रोज पाणी. कोणाला पाजतोस?

म्हटलं, लिंपण तडकतं.

तो म्हणाला, माझी आई गेली तेव्हा माझा बाप असाच करायचा. तिच्या मातीवर रोज गाडगंभर. आम्ही म्हटलं करू दे, थडगंच आहे. पण हे थडगं नाही ना रे. हा घेवडा आहे.

आणि दोन्ही हातांनी नळी धरून त्याने उपटली. साविरा आहे म्हणून काय झालं. मी ओरडलो. तिकडून मेव्हिस पळत आली.

नळीबरोबर लिंपण निघालं. अख्खं, मडक्यासारखं. काळं, ओलं, थंड. बोट दाबलं की बोट उमटत होतं. आणि त्याच्या पलीकडे भोकाच्या भिंतीची माती पिठासारखी. नखाने खरवडली तर वाऱ्यावर गेली.

प्रोबची लहर नळीबाहेर चार बोटं जाते. जास्तीत जास्त. मला माहीत होतं. प्रोबवाले स्टेशनवर जेवताना रोज हेच बोलायचे.

म्हणजे अडीच महिने मी लिंपण मोजलं. आणि मगातलं पाणी.

मेव्हिसने भिंतीची माती चिमटीत घेऊन बघितली. झाकेयोने तिला विचारलं, आणि त्या तीन ओळी? ती म्हणाली, बांधाच्या अलीकडे पाय ठेवू नको म्हणाले होते. पाय नाही ठेवला. तिकडे उभी राहून बादली फेकली. फेकून फेकून तीनच ओळींपर्यंत पोचते.

१७ जुलै, सोमवार

सतराच्या पाच ठिकाणची माती डब्यांत भरली. ओली तोलली. ओली म्हणायची रीत आहे. झाकणाच्या लोखंडी भांड्यात ठेवली, खाली निखारे, वर निखारे, मामोयो ब्रेड भाजायची तसं. दिवसभर जवळ बसलो. हात चालत होते. एकदाही घड्याळ बघावं लागलं नाही.

१८ जुलै, मंगळवार

सुकी तोलली.

सहा टक्के.

दहाच्या खाली झाड मरतं.

दोनदा तोलून बघितलं. सहा.

२२ जुलै, शनिवार

पाळी घेतली. पाटकरी म्हणाला, आज? आता? पाणी सोडलं. चिरांमधून सरळ खाली गेलं, बुडबुड आवाज करत. वर काहीच राहिलं नाही. मी बराच वेळ आवाज ऐकला.

एखादी ओळ अजून उठेल. घेवडा चिवट असतो असं वाचल्यासारखं वाटतं.

२९ जुलै, शनिवार

पुन्हा पाणी दिलं. उठली नाही.

नेत्साईचा निरोप. बाबा, नुसता एक शब्द पाठवा, ठीक आहात की नाही. मी दोनदा टाइप केलं, पुसलं. मग पाठवलं : सहा. तिचा लगेच फोन आला. मी सगळं सांगितलं नाही. नळीचं सांगितलं. ती हसायला लागली आणि मग हसत नव्हती.

२ ऑगस्ट, बुधवार

कमिटी आली. पाच माणसं. माई चिपुंझांच्या हातात रजिस्टर.

तीन ओळी हिरव्या, शेंगांनी लवलेल्या. बाकी प्लॉट गवत जाळल्यासारखा. मधोमध माझा चर. त्या पाचांपैकी चौघांनी माझं पाणी घेतलं होतं, त्यामुळे सगळे आकाशाकडे बघत होते.

आलेख मी बरोबर नेला होता. घडी उघडली नाही.

माई शेवटी म्हणाल्या, सोको, नियम आम्ही केलेला नाही. म्हटलं, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, पाळी सोडलीस तेव्हा आम्ही अडवायला हवं होतं. अकरा नंबरवाली पायाने ढेकूळ फोडत होती. मी भोपळ्याचं काही बोललो नाही.

यादी वाचली. पहिलं नाव मेव्हिसचं. पाच वर्षांपूर्वीच घातलेलं. नावापुढे शिफारस करणाऱ्याची सही असते. ती मामोयोची. मला कधी बोलली नव्हती. मी त्या काळात स्टेशनवरून महिन्याला एकदा यायचो, आणि आलो की ओव्हनबद्दल बोलायचो.

मेव्हिसने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही म्हणते. मी म्हटलं, घे. दुसरं काय म्हणणार. तीन ओळी तिच्याच होत्या.

मग जुनं नाव खोडायचं. माईंनी बांधावर बसून रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पेन टेकवलं. हात हलत होता त्यांचा, वय झालंय. रेघ वाकडी जाईल असं वाटलं. मी खिशातून माझी पट्टी काढून दिली.

रेघ सरळ आली.

४ ऑगस्ट, शुक्रवार

काही नाही.

७ ऑगस्ट, सोमवार. दुपारी २

मेव्हिस पहाटे दार वाजवून गेली. आज नांगरणीआधी सतराला ओल करायची आहे, पाटाची दारं धरायला माणूस कमी पडतोय, नवरोबा, उठा. मशीन घरी राहू दे.

गेलो. ती म्हणाली, मी वरचं दार उघडते, तुम्ही खालचं तिसरं बंद करा. मी मोजून तिसरं बंद केलं. वरून मोजायचं की खालून हे तिने सांगितलं नव्हतं. पाणी सतराला आलंच नाही. सगळं झाकेयोच्या बारा नंबरमध्ये घुसलं, काढायला आलेल्या कांद्यात. कांदे तरंगायला लागले. झाकेयो चादर गुंडाळलेल्या अवस्थेत पळत आला, मी दार उघडायला गेलो तर पाय घसरून मीच पाटात बसलो, मांडीपर्यंत पाणी, आणि माझ्या समोरून एकेक कांदा शांतपणे चाललेला. झाकेयो ओरडला, सोको, आता सांग किती टक्के. बांधावर मेव्हिस पोट धरून खाली बसली, तिला उभं राहता येईना. मग तिघांनी मिळून पदर, टोपी, चादर, जे हाताशी होतं त्यात कांदे गोळा केले. दोन तास लागले.

घरी आलो. कपडे दोरीवर टाकले. चहा ठेवला, आणि सवयीने बोलायला लागलो, अगं ऐकलंस का आज काय झालं. कांद्यापर्यंत पोचलो तेव्हा चहा उतू गेला.

म्हणून इथे लिहिलं.